बुलेटवर कान गुणगुणतात, रात्री मागांची खटखट: न टोचणारे इअरप्लग कोणते?

तुमचं रोजचं बेळगाव-निपाणी बुलेटवर, संध्याकाळी कान गुणगुणतात, वडगावात घराला लागून यंत्रमाग, आणि आणलेले दोन्ही प्लग हेल्मेट चढवलं की टोचतात, असं तुम्ही लिहिलंय. मी उद्यमबागेत लेथवर काम करतो आणि दर शनिवारी सासुरवाडीला निपाणीलाच जातो, त्यामुळे यातलं बरंचसं सोसून झालंय.

आधी बुलेटवरचा संशय काढा. मीही सायलेन्सरसाठी मेकॅनिककडे दोन खेपा घातल्या होत्या. ताशी 60-65 च्या वर गेलात की कानात घुमतो तो मुख्यतः वारा. हेल्मेटच्या खालच्या कडेनं आत शिरतो, मग हेल्मेट कितीही भारी असो. 100 च्या वेगाला आतला आवाज 100 डेसिबलच्या घरात जातो. 85 डेसिबल 8 तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, असा एक हिशेब आहे. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. आणि निपाणी पाऊणशे किलोमीटर.

टोचण्याचं कारण बहुतेक लांबी. दांडीवाला किंवा तीन चकत्यांचा सिलिकॉन प्लग कानाबाहेर डोकावतो, हेल्मेटचं अस्तर त्याला आत ढकलतं, आणि अर्ध्या तासात ठणका लागतो. हेल्मेटखाली मऊ फोमचा, टोकाकडे निमुळता, कानाच्या तोंडाशी सपाट बसणारा बोळाच बरा. थ्रीएमचा 1100 मी वापरतो. त्याचाच दोरीवाला भाऊ 1110. तो कारखान्यात ठीक, पण गाडीवर नको. हेल्मेट काढताना दोरी अडकून प्लग उपटून येतो, वर एकदा पोलिसानं इअरफोन समजून मला बाजूला घेतलं होतं. कान लहान असेल तर बारीक मापाचे मागून घ्या. सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात सुटे मिळतात. चार प्रकारचे एकेक जोड आणा, पुडकं नंतर.

पाकिटावर एनआरआर म्हणून आकडा असतो, प्लग आवाज किती डेसिबल कमी करतो त्याचा. 1100 ला तो 29 आहे, पण 29 डेसिबल कमी होतील असं समजू नका. सावध माणसं त्यातून 7 वजा करून उरलेल्याचं निम्मं धरतात, म्हणजे 11. तेवढेही मिळतात ते नीट बसवला तरच. स्वच्छ बोटांनी बोळा वळून बारीक करा (चेनचं ऑईल लागलेल्या हातानं नको), दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि 30 सेकंद बोट ठेवून फुगू द्या. आमच्या शॉपमधली निम्मी पोरं नुसतं कानाच्या तोंडाशी कोंबतात आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणतात. बसला का ते बघायला ‘हं’ करा. आवाज डोक्याच्या आतून, दोन्हीकडे सारखा आला पाहिजे. काढताना हळू पिळत काढा, झटका नको.

हॉर्न ऐकू येईल का? येतो. वाऱ्याची गर्जना खाली गेल्यामुळे मला तर जास्त स्वच्छ येतो. गाळपाच्या दिवसांत संकेश्वरकडे उसाच्या ट्रॅक्टरवर जी गाणी लावतात, ती कुठल्याही प्लगातून पोचतात, त्याची काळजी नको. गावात शिरलो, वेग उतरला, की मात्र मी ते काढून ठेवतो.

मागांचं वेगळं. आमच्या काकांनी खासबागेत वर्षानुवर्षं माग चालवले. कानात कधी काही घातलं नाही, आणि आता टीव्ही लावला की गल्लीला बातम्या कळतात. शेजाऱ्याला भिंतीतून तेवढा धोका नसतो, त्रास असतो तो झोपेचा. कुशीवर झोपत असाल तर फोमही रुततो. त्यासाठी मेणासारखे मऊ सिलिकॉनचे गोळे मिळतात, ते कानाच्या तोंडावर थापायचे, आत कोंबायचे नाहीत. गणपतीच्या डीजेला फिल्टरवाले चांगले, गाणं कळतं आणि छातीत धडधडलं तरी कान वाचतात. महाग असतात, एकच जोड घ्या.

पावसाळ्यात ओल्या कानात प्लग घालू नका, बुरशी धरते. मला धरली होती, महिनाभर खाज. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घालू नका. आणि तुमची ती गुणगुण रविवारी, गाडी काढलीच नाही त्या दिवशीही असते का, ते कळवा.