खारीला मांजर, साप आणि शिक्रा यांतला फरक कळतो का?

तुमच्या कुळागरातली खार मांजर दिसले की शेपटी उडवीत बराच वेळ ओरडत राहते, शिक्रा आला की मात्र एकदम गप्प होते, आणि तीच खार झोपलेल्या मांजराच्या जवळून खुशाल फळ उचलून नेते. हे ती समजून करते का, असा तुमचा प्रश्न आहे. फोंड्याकडच्या पोफळीच्या बागांत मीही हे पाहत आलो आहे. माझ्या मते तिला फरक निश्चित कळतो, पण समोर कोण आहे यापेक्षा तो कशी शिकार करतो आणि या क्षणी तो कोणत्या पवित्र्यात आहे, यावर तिची वागणूक ठरते.

मांजर किंवा चापडा हा विषारी साप दबा धरून बसतो आणि सावज बेसावध असण्यावरच त्याची सारी भिस्त असते. आपण दिसलो हे अशा शिकाऱ्याला समजले की त्याचा डाव फसतो, म्हणून झाडावर सुरक्षित असलेल्या खारीला ओरडण्यात धोका कमी आणि लाभ अधिक असतो. शिक्रा झाडांआडून वेगाने येतो. त्याच्यापुढे आवाज केला तर आपणच सापडू, म्हणून खोडाला चिकटून निश्चल राहणे बरे.

केवळ साप म्हणून नव्हे, तर कोणता साप हेही काही खारी ओळखतात. कॅलिफोर्नियातील बिळांत राहणाऱ्या खारींवरील २००७ सालचे संशोधन मला या विषयात सर्वांत चोख वाटते. विषारी रॅटलस्नेकच्या डोळा व नाकपुडी यांच्या मधल्या खळग्याने त्याला उष्णता जाणवते. बिनविषारी गोफर सापाला हा अवयव नसतो. खार दोघांसमोरही शेपटी हलवते, पण रॅटलस्नेकसमोर ती शेपटी तापवते. संशोधकांनी तापणाऱ्या शेपटीची यांत्रिक खार सापापुढे ठेवली, तेव्हा थंड शेपटीच्या तुलनेत रॅटलस्नेक अधिक प्रमाणात हल्ल्याचा विचार सोडून बचावाच्या पवित्र्यात गेले. (आपल्या चापड्यालाही असा खळगा असतो, नाग आणि धामण यांना नसतो.) तिथल्या प्रौढ खारींच्या रक्तात त्या विषाला बऱ्याच अंशी निष्प्रभ करणारी प्रथिने असतात, त्यामुळे त्या सापाच्या तोंडावर माती उडविण्याचेही धाडस करतात, लहान देहाच्या पिल्लांना मात्र तेच विष मारक ठरते.

यातले सगळे शिकावे लागते असे नाही. प्रयोगशाळेत वाढलेल्या, शिकारी पक्षी कधीही न पाहिलेल्या उंदरांच्या डोक्यावरच्या पडद्यावर लहान काळा ठिपका सरकत गेला तर ते बहुधा जागीच थिजतात, आणि ठिपका झपाट्याने मोठा होऊ लागला तर आडोशाकडे धाव घेतात. दूरवरून घिरट्या घालणारी घार आणि अंगावर येणारी घार यांतला भेद त्यांच्यात जन्मजातच आहे, असे यावरून मानावे लागते.

आता झोपलेल्या मांजराविषयी. पळण्यालाही किंमत असते, कारण तेवढा वेळ खाणे सुटते. शिकारी दिसताच नव्हे, तर थांबण्याचा धोका पळण्याच्या तोट्याहून मोठा झाला की प्राणी पळतो, अशी मांडणी यडेनबर्ग आणि डिल या संशोधकांनी १९८६ मध्ये केली. पुढे राखाडी खारींबाबत असेही दिसले की झाडापासून त्या जितक्या दूर असतील, तितक्या लवकर पळतात. म्हणून माडाच्या बुंध्याशी बसलेली खार तुम्हाला बरीच जवळ येऊ देईल, आणि मोकळ्या अंगणाच्या मध्यावर तीच खार तुम्ही लांब असतानाच पळ काढील.