अमेरिकेतल्या हार्पर्स फेरी गावातला ‘जॉन ब्राउनचा किल्ला’ खरंच जुन्या शस्त्रागाराची इमारत आहे का?

हो, इमारत त्याच शस्त्रागाराची आहे, फक्त मूळ जागेवर नाही. ती किल्ला कधीच नव्हती. १८४८ साली बंबखाना आणि पहारेकऱ्यांची चौकी म्हणून विटांत बांधलेली ही एकमजली वास्तू. बंब बाहेर काढता यावेत म्हणूनच दारं एवढी मोठी, कमानदार. १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लढणारा जॉन ब्राउन इथेच पकडला गेला आणि हे नाव चिकटलं. पुढे ती चार वेळा हलली: शिकागोचं प्रदर्शन, गावाजवळचं शेत, स्टोरर कॉलेज आणि १९६८ मध्ये आताची जागा, मूळ ठिकाणापासून सुमारे १५० फुटांवर. मूळ जागा रेल्वेच्या भरावाखाली गेली. तिथे स्मारकस्तंभ आहे, तो जरूर पाहा. मात्र पुन्हा उभारताना रचना आरशातल्यासारखी उलटी झाली, त्यामुळे जुन्या फोटोंशी ताडताना डावं-उजवं जपून बघा.