राउंडच्या वेळी आईबाबांनी थांबायचं की बाहेर जायचं?

प्रश्न: आमचं बाळ ३० आठवड्यांचं असतानाच जन्मलं, बारा दिवस झाले एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. सकाळचा राउंड सुरू झाला की सिस्टर आम्हाला बाहेर काढतात, नंतर फक्त "स्टेबल आहे" एवढंच कळतं. थांबू द्या म्हटलं तर डॉक्टर चिडतील का? आणि थांबून आम्हाला काय डोंबल कळणार?

उत्तर: चिडले तर चिडले, विचारायचं. यात जगावेगळं काही नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने २०१२ सालीच सांगून ठेवलंय की राउंड घरच्यांसमोर घ्यावा. बाहेर काढतात कारण शेजारच्या बाळांची माहिती तुमच्या कानावर पडते आणि वेळ जाईल अशी धास्ती असते, पहिलं कारण खरंय, म्हणून "फक्त आमच्या बाळापाशी येताना थांबू द्या" असं मागा, त्याला नाही म्हणणं जरा जड जातं.

आता कळणार काय. अहो, डॉक्टर बाळापाशी असतात पाच-दहा मिनिटं, तुम्ही तासन् तास. काल दूध दिल्यावर पोट फुगलं, कांगारू केअर देताना, म्हणजे उघड्या छातीशी धरल्यावर, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) छान राहिलं, आज जरा मलूल वाटतंय, हे बोला ना! कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या २६ एनआयसीयूंत आईबाबांना रोज किमान सहा तास बाळाजवळ ठेवून काळजी घ्यायला शिकवलं, राउंडमध्येही घेतलं, २०१८ साली निकाल छापून आला, बाळांचं वजन जास्त चांगलं वाढलं आणि आईबाबांचा ताणही कमी. नुसत्या राउंडने झालं असं नाही हां, सगळं मिळून.

"स्टेबल" वर गप्प बसू नका. वजन किती ग्रॅम वाढलं, ट्यूबने किती एमएल दूध जातंय, ऑक्सिजन कमी केला का, आज काय बदलणार, एवढं वहीत लिहून न्या. कॅफीन चालू आहे असं ऐकलंत तर दचकू नका, हो कॉफीतलंच, श्वास घ्यायचं विसरणाऱ्या बाळांना देतात.

एखादी वाईट गोष्ट सगळ्या घोळक्यासमोर ऐकायची नसेल तर "नंतर वेगळं बसून सांगा" असं आधीच सांगून ठेवा. आणि राउंड चुकलाच तर ड्युटीवरच्या सिस्टरना गाठा, बाळाचं त्यांनाच जास्त माहीत असतं.