जुना कोळशाचा स्मोकर दुरुस्त करताना आतून रंग देऊ नये

खानापूरजवळच्या बंद पडलेल्या धाब्यावरून आपण घेतलेला, बाजूला भट्टी जोडलेला स्मोकर (धुरावर अन्न शिजवण्याची पत्र्याची पेटी) पावसाळ्यातही उघड्यावरच पडून होता, आणि तो आतून-बाहेरून घासून उष्णतारोधक काळा रंग द्यावा का, असे आपण विचारले आहे. बाहेरून जरूर द्यावा. आतून मात्र रंग मुळीच देऊ नये आणि पत्रा उघडा पडेपर्यंत घासूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी भट्टीचा तळ तपासा. कोळशाची राख क्षारयुक्त असते व ओल धरून ठेवते. आपल्याकडच्या पावसात ती महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून राहिली की पत्रा खाऊन टाकते. राख कोरडीच खरवडून काढावी आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक कोपऱ्यांत व वेल्डिंगच्या सांध्यांवर जोराने दाबून पाहावे. नुसती तांबूस भुकटी निघाली तर गंज वरवरचा आहे; टोक रुतले किंवा पत्र्याचे थर सुटू लागले, तर तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडावा लागेल. बेळगावात उद्यमबागेत हे काम सहज होते, परंतु साधा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मुलामा नसलेला पोलादी) पत्राच मागावा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्यावरचे जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळते आणि पेटत्या निखाऱ्यांखालचा पत्रा त्याहूनही तापू शकतो. जस्ताचा तो धूर अन्नाजवळ नको.

खरी पारख झाकणाच्या आतल्या काळ्या थराची आहे. नखाने खरवडूनही न निघणारा, पातळ आणि कडक थर हा वर्षानुवर्षांच्या धुराने व तेलाने चढलेला असतो. तोच पत्र्याला गंजापासून वाचवतो, म्हणून तो राखावा. याउलट जे काळे पापुद्रे लोंबताना दिसतात, ज्यांना बहुतेक जण सुटलेला रंग समजतात, ती काजळी आणि चरबी असते आणि ती पदार्थावर गळून पडते. तळाशी साचलेली चरबी आधी काढून टाकावी, कारण ती पेट घेते. मग हवेच्या झडपा पूर्ण उघड्या ठेवून, मोकळ्या जागेत, तासभर रसरशीत निखारे ठेवावेत आणि निवल्यावर पुट्टीच्या पातीने पापुद्रे काढावेत. जाळीवर तारेचा ब्रश वापरल्यास नंतर ओल्या फडक्याने ती नीट पुसावी. तुटलेली बारीक तार अन्नातून घशात जाऊ शकते.

यानंतर बिडाचा तवा तयार करतो त्याच रीतीने आतून खाद्यतेलाचा अगदी पातळ हात द्यावा व दोन-तीन तास 180 ते 200 अंशांवर तापवावे. तेल जाड लावले तर ते चिकटच राहते. दाराच्या फटीसाठी काचतंतूची दोरी घ्यावी, ॲस्बेस्टॉसची कदापि नको.

झाकणावरचे तापमापक उकळत्या पाण्यात बुडवून तपासताना एक लक्षात ठेवावे: बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी 97 ते 98 अंशांनाच उकळते. काटा तिथे थांबला तर तापमापक ठीक आहे, बदलू नये.