रोटर की र्‍योटर: म्युनिकला येणाऱ्या एका आईला

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, मिळालंय, त्यामुळे तुम्हाला ए-वनची, म्हणजे प्राथमिक जर्मनची, परीक्षा लागत नाही. म्युनिकला यायचंय, मुलगी तिसरीत बसेल, आणि इंग्रजीतून जर्मन शिकताना तुम्ही दोघी रंगांच्या विशेषणांपाशी अडकल्या आहात. एवढं व्याकरण रोज लागतं का, हा तुमचा प्रश्न. व्हिसा, विमा, पत्त्याची नोंदणी हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते सोडते. रंगांबद्दल मात्र मला लिहायचंच आहे.

इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास घसरतो, कारण त्याच्या कानाला शेवटचा ‘अर’ म्हणजे तुलना. रोट म्हणजे लाल. ‘आइन रोटर आप्फेल’ ऐकलं की त्याला ते जास्त लाल सफरचंद वाटतं. तसं नाही. आप्फेल पुल्लिंगी, म्हणून रोटर. टोमॅटो स्त्रीलिंगी, म्हणून ‘आइने रोटे टोमाटे’. गाडी नपुंसकलिंगी, म्हणून ‘आइन रोटेस आउटो’. आपण हे बोलायला लागल्यापासून करतोय: निळा शर्ट, निळी साडी, निळं आकाश. विभक्ती लागली की आपण तिन्हींना ‘निळ्या’ करतो: निळ्या शर्टाला, निळ्या साडीला, निळ्या आकाशाला. जर्मनमध्येही डेर, डी, डास (इंग्रजी ‘द’ची तीन लिंगांतली रूपं) असताना चतुर्थी आली की एकवचनात तिन्हींना एकच ‘रोटन’. आणि आपलं ‘गुलाबी’ जसं कुणापुढे बदलत नाही, तसेच त्यांचे रोझा आणि लीला, म्हणजे गुलाबी आणि जांभळा, बदलत नाहीत. तेव्हा मुलीला हे मराठीतून शिकवा. इंग्रजी मध्ये आणूच नका.

तुलनेत मात्र मराठी पुरत नाही. आपण ‘पेक्षा’ लावतो आणि विशेषण तसंच ठेवतो. त्यांच्याकडे ‘पेक्षा’साठी ‘आल्स’ आहेच, शिवाय विशेषणही बदलतं: ग्र्यूनचं (हिरवा) ग्र्यूनर, गेल्बचं (पिवळा) गेल्बर, वाइसचं (पांढरा) वाइसर. नेहमीच्या रंगांपैकी स्वर बदलतो तो दोघांचाच, श्वार्त्स-श्वेर्त्सर (काळा) आणि रोट-र्‍योटर. ब्लाउ, ब्राउन, ग्राउ (निळा, तपकिरी, करडा) यांच्यातल्या ‘आउ’ला उमलाउट, म्हणजे स्वर बदलणारी वरची दोन टिंबं, लागत नाही. सगळ्यात लाल म्हणजे ‘आम र्‍योटेस्टन’. नामाच्या आधी आलं तर तुलनेच्या ‘अर’वर लिंगाचा ‘अर’ चढतो आणि ‘आइन र्‍योटरर आप्फेल’ होतं. दुकानात हे कुणी बोलत नाही. तिथे हेलर आणि डुंक्लर, म्हणजे फिकट आणि गडद, एवढ्यावर भागतं.

पण शाळेत भागत नाही. माझी लेक इथे पहिलीपासून शिकली. चौथीत विशेषणांच्या चाचणीत तिने रोटची तुलना ‘रोटर’ लिहिली, उमलाउट न देता. बाईंनी लाल रेघ मारली. डुडन या प्रमाण जर्मन कोशात र्‍योटर हे नेहमीचं रूप आहे, पण रोटरही दिलेलं आहे, कमी वापरातलं म्हणून. मी पान घेऊन गेले. वर्गात शिकवलं तेच बरोबर, असं उत्तर मिळालं.

एका शब्दासाठी एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीच्या मे महिन्यात पुढच्या शाळेचा दाखला मिळतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात, आणि इथे १ ही सर्वोत्तम श्रेणी असते. २.३३ पर्यंत गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा; २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे त्याखालची, दहावीपर्यंतची शाळा. तिला गणितात २, परिसर अभ्यासात ३, जर्मनमध्ये ३. जर्मनमध्ये २ असते तर नेमकी २.३३ झाली असती. त्या एका चाचणीने सगळं ठरलं असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षांच्या मुलीला कागदावर ‘तू या शाळेची’ असं लिहून देतात, हे मला आजही सहन होत नाही. ती आता रेआलशूलेत आनंदात आहे, मैत्रिणी आहेत. खुपतंय ते मला.

कागदांचंही तसंच. रहिवासी परवान्याच्या कार्डामागे डोळ्यांचा रंग छापतात. मी ‘श्वार्त्स’ म्हटलं, खिडकीतल्या बाईंनी वर न बघता ‘ब्राउन’ टाकलं. त्या भेटीची वेळ मिळायलाच महिने गेले होते, म्हणून मी गप्प बसले. माझे डोळे आईसारखे काळेभोर आहेत. कार्ड हातात घेतलं की दर वेळी राग येतो.

एकटेपणाबद्दल विचारलंत. असतो. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा घरात बसू नका. बस, एवढंच.

तुमच्या मुलीसाठी एक गोष्ट मात्र लिहून ठेवा. ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून सलग जर्मन प्राथमिक शाळेत नव्हती, त्यांचे गुण फक्त भाषेमुळे कमी पडत असतील आणि ती उणीव पुढे भरून निघेल असं शाळेला वाटलं, तर बायर्नमध्ये ३.३३ पर्यंतही गिम्नाझियमसाठी योग्य ठरवता येतं. माझी लेक पहिलीपासून इथे होती, म्हणून तिला ही सवलत लागू झाली नाही. तुमची तिसरीत येतेय, तिला लागू होऊ शकते. शाळा आपणहून सांगेल याची वाट बघू नका. तिसरीच्या पहिल्याच पालकभेटीत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.