नेम स्वस्तात लागतो का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे, रायफलचं वेड लागलंय. धाकटा दीर म्हणतो, वर्कशॉपमध्ये लांब पल्ल्याची रायफल बनवून देतो, वर दुर्बीण. बजेट तुटपुंजं. जमेल? (एक आई, सोलापूर)

उत्तर : ताई, दिरांना आधी थांबवा. परवान्याशिवाय बंदूक बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. आणि एअर रायफलच्या (हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या बंदुकीच्या) 10 मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही! 0.177 इंच बोअरची (म्हणजे नळीच्या भोकाची), छर्र्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असलेली एअर रायफल परवान्याशिवाय मिळते. जुनी चालेल, पण नळी आतून बघून घ्या.

माझी पहिलीही जुनीच होती. छर्रे फाकायचे, मी नळीला शिव्या घालायचो. दोष निघाला दस्त्याच्या ढिल्या स्क्रूचा. तो आवळला, ज्वारीच्या पिशवीवर रायफल टेकवली, खाली घडी घातलेली आपली चादर, आणि प्रत्येक जातीचे पाच-पाच छर्रे झाडून पाहिले. सगळ्यात स्वस्त डबीचेच एका भोकात गेले. महागडे मित्राला देऊन टाकले, तो अजून खूश आहे.

लक्ष्याचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. रोज अर्धा तास रिकामी रायफल नुसती धरून उभं राहायला सांगा. त्याला खर्च नाही. छर्रे मात्र रेंजवरच, प्रशिक्षकासमोर. गच्चीवर अजिबात नाही.