मणका सरकतो तो नेमका कशामुळं?

खानापूरकडं भातलावणीत वाकून वाकून आईचा मणका सरकला का, असं तुम्ही विचारलंय. एकट्या लावणीला दोष देऊ नका. पन्नाशीनंतर, त्यातही बायकांत, मुख्य कारण झीज. दोन मणक्यांमधली गादी चपटी होते, मागचे छोटे सांधे सैल पडतात आणि वरचा मणका खालच्यावरून पुढं घसरतो. बहुतेकदा कमरेचा चौथा पाचव्यावर. वाकून ओझी उचलल्यानं दुखणं वाढतं, हे मात्र खरं.

तरुणांत गोष्ट वेगळी. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो. कंबर वारंवार मागं ताणली की त्याला बारीक तडा जातो. आपल्याकडं तालमीतली पोरं ‘उसण भरली’ म्हणत तेल चोळून पुन्हा मातीत उतरतात, त्यांचीच मला जास्त काळजी वाटते. जन्मजात दोष, अपघात, क्वचित गाठ किंवा जंतुसंसर्ग, हीसुद्धा कारणं आहेत.

गादी सरकणं हा आजार वेगळा, रिपोर्ट नीट वाचून घ्या. आईंचा लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी बेळगाव गाठा.